अळिंबीच्या पेटीचा वास रात्री आठलाच का येतो?

"अगं, तुमच्याकडे रोज रात्री सुकट भाजता का गं?" समोरच्या काकूंनी जिन्यात थांबवून विचारलं, तेव्हा हसावं की रडावं कळेना. आमचं घर माळकरी. आणि आमच्या दारातून सुकटीचा वास! पण काकू खोटं बोलत नव्हत्या. मलाही तो येत होता. साडेसातनंतर सुरू व्हायचा, दहापर्यंत विरून जायचा, आणि सकाळी उठून शोधायला जावं तर घर कसं स्वच्छ.

वास कुठून येतो हे माहीत होतं. स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी यांच्यामधल्या बोळात मी धिंगरी अळिंबीची, म्हणजे ऑयस्टर मशरूमची, एक पेटी ठेवली आहे. कोडं वेगळं होतं. पेटीला पंखा आहे, कोळशाची गाळणी आहे, गॅलरीबाहेर जाणारा पाइप आहे, तरीही वास घरात येतोच कसा? आणि एकदा घालवला की पंधरा-वीस दिवसांनी परत कसा येतो? दीड वर्ष मी याच्या मागे होते. घरच्या घरी कपाटात, जुन्या फ्रिजमध्ये किंवा प्लायच्या खोक्यात मशरूम लावणाऱ्या बऱ्याच जणांची हीच रड असते, म्हणून सापडलं ते सगळं लिहिते आहे. ज्या क्रमाने सापडलं त्या क्रमाने नाही. तो क्रम फारच वेडावाकडा होता.

पेटीची मापं आधी सांगते, म्हणजे पुढचे आकडे कळतील. २ फूट रुंद, दीड फूट खोल, ५ फूट उंच. म्हणजे १५ घनफूट, साधारण ४२५ लिटर. आत चार फळ्या, प्रत्येकीवर दोन बेड, म्हणजे अळिंबीचं बी घातलेल्या भुश्शाच्या पिशव्या, प्रत्येक बेड ओला असताना २ किलोच्या आसपास. भुस्सा दिराच्या शेतातून येतो, पलूसहून. कधी गव्हाचा, कधी सोयाबीनचं भुसकट. या 'कधी सोयाबीनचं' मध्येही एक भानगड होती, ती पुढे येईल.

आधी नाक लावा

वास आला की पहिला हात पंख्याकडे जातो. मीही तेच केलं आणि सहा महिने घालवले. वासाचे प्रकार वेगळे असतात आणि प्रत्येकाचं कारण वेगळं. तेव्हा पेटीचं दार उघडा, एकेक बेड बाहेर काढा आणि जवळून हुंगा. घरातली माणसं हसतील, हसू द्या.

निरोगी बेडचा वास पावसात भिजलेल्या लाकडासारखा, किंचित बडीशेपेकडे झुकणारा. त्याचा त्रास कुणालाच होत नाही.

आंबूस वास, म्हणजे इडलीचं पीठ दोन दिवस बाहेर राहिल्यासारखा, आला तर भुश्शात पाणी जास्त आहे. भुश्शात ओल ६० ते ६५ टक्के हवी. घरी मोजायची रीत जुनीच: मूठभर भुस्सा घट्ट दाबायचा. तळहात ओला झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी ठिबकता कामा नये. ठिबकलं तर चादरीवर पसरून आणखी तासभर निथळू द्या. पिशवीच्या तळाशी पाणी साचलेलं दिसलं तर तिथे दाभणाने चार भोकं पाडा. हे न केल्यास तळाच्या भुश्शाला हवा मिळत नाही आणि वास आंबूसवरून तुंबलेल्या गटारावर जातो. त्या अवस्थेत बेड वाचत नाही. टाकून द्या.

भिजत घालण्यातही चूक होते. भुस्सा रात्रभर भिजवला की पुरे. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये दोन दिवस ड्रममध्ये राहिला तर तो शेणासारखा वास मारायला लागतो, आणि तो वास नंतर ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवूनही जात नाही. जंतू मरतात, वास मागे राहतो. आणि ते भिजवलेलं तपकिरी पाणी मोरीत ओतू नका, झाडांना घाला. मी एकदा मोरीत ओतलं आणि दोन दिवस पेटीला शिव्या घातल्या.

डोळ्यांत झोंबणारा, गोठ्यासारखा वास म्हणजे अमोनिया. इथे ती सोयाबीनची भानगड. सोयाबीन हे द्विदल, त्याच्या भुसकटात गव्हापेक्षा नत्र जास्त. उत्पन्न चांगलं येतं, पण ओल थोडी जरी चुकली किंवा बेड तापला तरी अमोनिया सुटतो. त्यात कुणी उत्पन्न वाढावं म्हणून वर गव्हाचा कोंडा घालत असेल तर विचारायलाच नको. अशा बेडवर बारीक काळपट छत्र्या उगवतात आणि दोन दिवसांत शाईसारख्या विरघळतात. त्या दिसल्या की समजायचं, नत्र जास्त झालंय. मी आता निम्मं भुसकट, निम्मा गव्हाचा भुस्सा घेते आणि कोंडा अजिबात घालत नाही.

चौथा वास मला फार दिवस फसवत होता, कारण तो चांगला आहे. चक्क ओल्या खोबऱ्याचा. पेटी उघडली की वाटायचं कुणी नारळ फोडलाय. ती हिरवी बुरशी असते, ट्रायकोडर्मा. तिच्या काही जातींना खोबऱ्यासारखाच वास येतो. आधी पांढरी दिसते, त्यामुळे आपलीच बुरशी वाढते आहे असं वाटतं, आणि मग एका रात्रीत हिरवी पडते. खोबरं आठवलं की तो बेड लगेच पिशवीत बांधून घराबाहेर काढा. पेटीत पंखा चालू असताना तो हलवू नका, तिची हिरवी भुकटी सगळीकडे उडते.

आणि पाचवा, काकूंची सुकट. हा कुजलेल्या अळिंबीचाच वास. पण मी तर अळिंबी वेळेवर काढत होते, मग कुजत काय होतं? उत्तर हातातल्या सुरीत होतं. मी गुच्छ सुरीने कापत होते आणि बेडवर देठांचे बुंधे तसेच राहत होते. दुसऱ्या बहरासाठी पाणी फवारलं की तेच बुंधे सडायचे. म्हणून वास 'पंधरा-वीस दिवसांनी परत' यायचा. दर तोडणीनंतर त्याची पाळी ठरलेली! आता गुच्छ मुळाशी धरून पिरगाळून काढते, बोटाने बुंधा खरवडते, आणि त्या दिवशी फवारणी करत नाही. एवढ्यानेच निम्मा वास गेला. आधी कुणी सांगितलं असतं तर कोळशाचे पैसे वाचले असते.

पेटीलाच वास असू शकतो

बेड सगळे काढले, तरीही रिकाम्या पेटीला कुबट वास. हे बघायला मला एक वर्ष लागलं, कारण पेटी कधी रिकामी राहिलीच नव्हती.

ही पेटी म्हणजे माझ्या माहेरचा शोकेस. माहेर सांगलीच्या गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागे टाकली होती, तेव्हा हा शोकेस काही दिवस पाण्यात उभा होता. वाळवला, पॉलिश केलं, छान दिसायला लागला. पण पाठीमागची प्लायची फळी आतून फुगलेली होती. कोरड्या खोलीत तिने कधी तक्रार केली नाही. आत ९० टक्के दमटपणा झाला आणि तिने महापुराचा वास परत काढला.

तपासायची रीत: पेटी पूर्ण रिकामी करा, आतून पुसा, एक वाटी गरम पाणी ठेवून दार रात्रभर बंद करा. सकाळी उघडताच हुंगा. कुबट वास आला तर दोष लाकडाचा.

मी पाठीची फळी बदलली आणि आतून फ्लेक्सचं अस्तर लावलं. आपल्याकडे फ्लेक्सला तोटा नाही. चौकातल्या वाढदिवसाचा एक उतरवलेला मिळाला, त्यावर 'भावी नगरसेवक' हात जोडून उभे होते. गुळगुळीत बाजू आत घेतली, म्हणजे पुसता येते, त्यामुळे ते आता माझ्या पेटीच्या आत हात जोडून असतात. सांधे सिलिकॉनने बुजवले. एक सूचना: साधं सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा वास मारतं. तो गेल्याशिवाय बेड ठेवू नका, नाहीतर आंबूस वास कशाचा म्हणून परत शोधत बसाल.

पुसायला ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी चालतं. मात्र त्यात संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका आणि पेटीला अमोनियाचा वास येत असेल तर तो जाईपर्यंत हे ब्लीचिंगचं पाणी वापरू नका, दोन्हींतून विषारी वायू निघतो. खोली उघडी ठेवूनच पुसा. काही जुनी माणसं फॉर्मॅलिन सुचवतात; राहत्या घरात त्याचं नावही काढू नये.

रात्री आठचं कोडं

आता मूळ प्रश्न. बुंधे काढले, फळी बदलली, वास पुष्कळ कमी झाला, पण जो उरला तो अजून रात्रीच यायचा.

मला वाटायचं पेटी रात्री जास्त वास सोडते. थंडी पडते, दमटपणा वाढतो, वगैरे. मग एक दिवस देवापुढची उदबत्ती हातात घेऊन मी पेटीच्या खालच्या भोकांपाशी बसले. पेटीला खाली ४ इंची दोन भोकं आहेत, तिथून हवा आत यावी आणि वरच्या पंख्याने गॅलरीबाहेर जावी, असा बेत. दुपारी चारला धूर सुळकन आत गेला. उत्तम! रात्री आठला परत बसले, तर धूर माझ्या तोंडावर. पंखा चालू असतानाही हवा भोकांतून बाहेर, म्हणजे घरात येत होती.

सासूबाई ओट्यापाशी भाकऱ्या भाजत होत्या आणि खिडकीवरचा एग्झॉस्ट फॅन घरघरत होता. साडेसहाला डासांमुळे आपण सगळ्या खिडक्या बंद करतो. नदीकाठच्या गावात दुसरा इलाज नाही. बंद घरातून एग्झॉस्ट हवा बाहेर फेकतो, तेवढीच हवा कुठूनतरी आत यायलाच हवी. दाराखालच्या फटीतून येते, मोरीच्या जाळीतून येते, आणि माझ्या बाबतीत सगळ्यांत सोपा रस्ता होता तो पेटीचा पाइप! गॅलरीतली हवा पाइपातून उलटी पेटीत शिरायची, बेडवरून फिरायची आणि सगळा वास घेऊन स्वयंपाकघरात यायची. माझा संगणकातला छोटा पंखा त्या नऊ इंची पंख्यापुढे काय टिकणार? सासूबाई फोडणी संपवून एग्झॉस्ट बंद करायच्या की वास थांबायचा. समोरच्या काकूंना जिन्यात वास जायचा तो आमचं दार उघडलं की, आमच्या कढईच्या वासासोबत.

ज्यांच्या घरी चिमणी आहे त्यांच्याकडे हे आणखी जोरात होईल, चिमणी जास्त हवा ओढते.

तीन गोष्टी केल्या. पहिली फुकटची: एग्झॉस्ट चालू असताना स्वयंपाकघराची एक खिडकी वीतभर उघडी, तिला डासांची जाळी. दुसरी, पाइपच्या बाहेरच्या तोंडाला झडप. जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा गोल कापून वरच्या कडेला चिकटपट्टीने टांगला. पंखा ढकलतो तेव्हा उघडतो, उलटी हवा आली की तोंडावर बसतो. फिल्म जाड पुठ्ठ्याची नको, पंख्याला उचलता आली पाहिजे. तिसरी, पंख्याऐवजी ब्लोअर, त्याचं पुढे सांगते.

उदबत्तीची चाचणी प्रत्येकाने करावी, पण सर्वांत वाईट वेळी करावी. दारं-खिडक्या बंद, एग्झॉस्ट चालू, बाथरूमचा पंखा असेल तर तोही चालू. तेव्हा धूर आत गेला तरच पेटी पास. नंतर उदबत्ती दाराच्या कडेने फिरवा. जिथे धूर थरथरत बाहेर ढकलला जातो तिथे फट आहे, तिथे दाराला फोमची पट्टी लावा. पेटीच्या आत नेहमी किंचित ओढ असली पाहिजे. मग एखादी फट राहिली तरी तिच्यातून हवा आत जाईल, वास बाहेर येणार नाही. म्हणून पंखा नेहमी बाहेर ओढणारा असावा. आत फुंकणारा लावला की प्रत्येक फटीतून वास घरात, हे मी पहिल्या महिन्यातच करून पाहिलं होतं.

कोळसा ओला झाला की

वासासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बनची गाळणी सगळे सुचवतात. करवंटीपासून केलेला दाणेदार कोळसा चांगला. मीही दोन जाळ्यांमध्ये इंचभर थर भरून गाळणी केली. पहिले आठ दिवस झकास, मग जणू नव्हतीच.

कारण असं. कोळशाच्या दाण्यात असंख्य बारीक छिद्रं असतात आणि वासाचे रेणू त्यांच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. हवा कोरडी असली तर ठीक. दमटपणा ७०-८० टक्क्यांच्या पुढे गेला की त्याच छिद्रांत पाणी जाऊन बसतं आणि वासाला जागा उरत नाही. दिव्याखाली भाजीपाल्याची रोपं लावणाऱ्यांच्या पेटीत ५०-६० टक्के दमटपणा असतो, तिथे हीच गाळणी महिनोन्महिने चालते. त्यांचा सल्ला आपण उचलतो आणि ८५-९० टक्के दमट हवेत लावतो. शिवाय अमोनिया साध्या कोळशाला फारसा चिकटत नाही, आणि अळिंबीने सोडलेला कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) तर मुळीच नाही. म्हणजे गाळणी लावली म्हणून बाहेरची हवा घेणं कमी करता येत नाही.

उपाय हिशेबाचा आहे. पेटीतून निघणारी ९० टक्के दमट हवा आणि खोलीतली ५० टक्क्यांची हवा सारख्याच तापमानाची असेल आणि निम्मी-निम्मी मिसळली, तर मिश्रण ७० टक्क्यांवर येतं. मी पेटीच्या बाहेर, गाळणीच्या अलीकडे पाइपला एक इंग्रजी टीच्या आकाराचा जोड बसवला आणि त्याचं तिसरं तोंड खोलीत उघडं ठेवलं. पंखा गाळणीच्या पलीकडे असला पाहिजे, म्हणजे तो दोन्हींकडून ओढतो आणि त्या तोंडातून वास बाहेर येत नाही. कोळसा आता अडीच-तीन महिने तरतो. पण खरं सांगायचं तर बुंधे आणि उलटी हवा हे दोन दोष गेल्यावर मला गाळणीची गरजच फारशी उरली नाही. पावसाळा सोडला तर मी ती काढून ठेवते. तुमचा पाइप शेजाऱ्यांच्या खिडकीखाली उघडत असेल तर मात्र हवीच.

गाळणीच्या आधी धुता येईल असा पातळ पॉलिस्टरचा कापूस लावा, अळिंबीची बीजाणूंची भुकटी कोळशात गेली तर तो बुजतो.

सुगंधी फवारे, कापूर, धूप यांनी वासावर वास चढतो, एवढंच. ओझोनची यंत्रंही विकायला असतात. वास जातो खरा, पण ओझोन फुप्फुसांना वाईट. घरात लहान मूल किंवा दमेकरी असेल तर विचारही नको.

पंखा मोठा की बरोबर?

संगणकातला १२० मिलिमीटरचा पंखा, १२ व्होल्ट. कागदावर तो मिनिटाला ४० घनफुटांच्या आसपास हवा ओढतो. पेटी १५ घनफुटांची, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या आत सगळी हवा बदलली! मोकळ्या तोंडाला हे खरं असतं. पुढे इंचभर कोळसा आणि सहा फूट पाइप आला की असा पात्याचा पंखा नुसता जागच्या जागी फिरतो, हवा पुढे सरकतच नाही. गाळणी लावायची असेल तर गोगलगाईसारखा दिसणारा ब्लोअर घ्या, तो अडथळ्यापुढे टिकतो. गाळणी नसेल तर साधा पंखा पुरतो, उलट जास्तच होतो.

जास्त झाल्यावर काय होतं तेही पाहिलं. अळिंबीच्या कडा पिवळ्या पडल्या, पिनहेड, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या कोवळ्या अळिंब्या, वाळून गेले. मग पंखा टायमरवर टाकला. दुकानात मिळणाऱ्या साध्या टायमरला १५ मिनिटांचे दात असतात. १५ मिनिटं पूर्ण वेगाने म्हणजे पेटी कोरडी ठणठणीत, आणि नंतरच्या बंद वेळेत वास साठून भोकांतून घरात. दोन्हीकडून तोटा. त्यापेक्षा पंखा सावकाश पण चोवीस तास चालवावा. व्होल्टेज बदलता येणारा अडॅप्टर घेऊन साडेसातवर ठेवला की पंखा निम्म्याच्या आसपास जोरात फिरतो आणि आवाजही करत नाही. पंखा ३ वॅटचा धरला तरी महिन्याला दोनेक युनिटच्या वर बिल जात नाही. सगळेच पंखे कमी व्होल्टेजवर सुरू होत नाहीत, एकदा बंद करून परत सुरू होतो का ते बघून घ्या. रात्री वीज जाऊन आली आणि पंखा फिरलाच नाही, असं माझं झालेलं आहे.

आत येणाऱ्या भोकांचं क्षेत्रफळ पंख्याच्या तोंडाच्या दीडपटीच्या आसपास हवं. १२० मिलिमीटरच्या पंख्याचं तोंड ११३ चौरस सेंटीमीटर, ४ इंची दोन भोकांचं मिळून १६२. भोकांवर बारीक जाळी लावा. बेडवर घोंघावणारी काळी चिलटं तिथूनच येतात, आणि त्यांच्या अळ्या लागल्या की सुकटीचा वास परत सुरू. भोकं खाली, पंखा वर. बेड स्वतः थोडे गरम असतात, त्यांची ओलसर हवा आपसूक वर येते. कर्बवायू जड म्हणून पंखा खाली लावा, असं सांगणारे भेटतील. पंखा चालू असला की आतली हवा ढवळली जाते, त्या वादात पडू नका.

विजेचं एकच: २३० व्होल्टची कुठलीही गोष्ट पेटीच्या आत नको. अडॅप्टर बाहेर, पेटीपेक्षा उंच. वायर आत जाण्याआधी खाली लोंबू द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी तिथेच ठिबकेल.

अळिंबी स्वतः सांगते

हवा पुरते की नाही हे मोजायला महागडं यंत्र नको. बाहेरच्या हवेत कर्बवायू दहा लाखांत ४२० च्या आसपास असतो. धिंगरीला फळ धरताना तो हजाराच्या खाली हवा. जास्त झाला की देठ लांबच लांब आणि टोपी बटणाएवढी. असं दिसलं की पंखा एक पायरी वाढवा. टोप्या मोठ्या पण कडा करपलेल्या, तर एक पायरी कमी. पण बेड भरल्यापासूनचे पहिले १५-२० दिवस, बुरशी भुश्शात पसरत असताना, तिला कर्बवायूचं वावडं नसतं. तेव्हा पंखा अगदी मंद ठेवला तरी चालतो. त्या काळात पेटीला वास येत असेल तर दोष हवेचा नाही, भुश्शाचा.

दमटपणा मोजणारी छोटी यंत्रं स्वस्त असतात आणि बऱ्याचदा खोटं बोलतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याच्या चार थेंबांनी घट्ट चिखलासारखं करा, यंत्रासोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवं. माझं ८३ दाखवत होतं, म्हणजे इतके दिवस मी कोरड्या पेटीला दमट समजत होते.

वासाहून जास्त काळजी करावी अशी गोष्ट म्हणजे बीजाणू. टोपीची कड वर वळायला लागली की पांढरी भुकटी झडते, फळीवर पीठ सांडल्यासारखी दिसते. रोज ती हुंगली तर खोकला, दम लागू शकतो. कड खाली वळलेली असतानाच काढणी करा, दार उघडताना मास्क लावा, आणि पाइप घराबाहेरच सोडा, खोलीत नाही. आमच्याकडे सासूबाईंना सकाळी खोकला यायचा, आणि काढणी एक दिवस लवकर करायला लागल्यापासून तो थांबला. माझ्या मते दीड वर्षाच्या खटपटीतला हाच खरा फायदा.

जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरचीच हवा ८०-९० टक्के दमट असते. तेव्हा फवारणी जवळजवळ बंद करते, पंखा एक पायरी वाढवते आणि गाळणी लावते. पंखा घरातली हवा आत घेतो, त्यामुळे पेटीशेजारी ओले कपडे वाळत घालू नका. डिसेंबरात उलट, हवा कोरडी. तेव्हा आत येणाऱ्या भोकांपाशी ओलं गोणपाट टांगते. पण ते दर तीन दिवसांनी धुवावं लागतं, विसरलात तर पेटीला नाही, गोणपाटालाच वास येतो.

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ३८-४० ला जातो. त्या गरमीत धिंगरीचा हट्ट मी सोडला आहे. मार्चअखेर शेवटची तोडणी झाली की वापरलेले बेड दिराकडे खतात जातात, कोळसा फेकून देते, पाइप धुते आणि पेटीचं दार सताड उघडं ठेवते. फ्लेक्सही उतरवून घासते आणि गच्चीवर दोन दिवस उन्हात टाकते. गेल्या वर्षी सुलटा टाकला होता, तर खालच्या मजल्यावरचे काका विचारत आले की उमेदवारी जाहीर झाली का. यंदा पालथा टाकला आहे.